तांदूळ, पाच किलो

एका गावात एक भोळा जावई होता, मुकिंदा. बायको यमुना बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ तीन महिन्यांचं झालं, तो न्यायला आला. सासू गोदाबाई किराणा दुकानाची मालकीण. ती म्हणाली, "जावईबापू, आज दुकान धड सांभाळलंत तर लेक-नातू तुमच्याबरोबर. नाहीतर दोघं इथंच."

मग तिनं नवं मशिन दाखवलं. "पुड्यावर काळ्या रेघा असतात, तो बारकोड. रेघा मशिनीला दाखवायच्या. पडद्यावर नाव-भाव उमटतो."

"समजलं."

पहिले आले सरपंच, रेघारेघांचा लेंगा घालून. मुकिंदानं मशिन लेंग्यावर धरलं. पुढून. मागून.

"काय शोधतोस रे?"

"तुमचा भाव. काहीच येईना हो!"

गोदाबाई धावली. "माणसाला नाही, मालाला! रेघा नसतील तर त्या मालाच्या रेघांची चिठ्ठी चिकटवा."

मुकिंदा सुट्या शेंगदाण्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसला. एकेका दाण्याला. जेवायची वेळ झाली तरी पावशेर संपेना.

"अहो, सगळ्याला मिळून एकच चिठ्ठी!"

मग सारजाकाकूंचा साबण, तेल, उदबत्ती त्यानं एकत्र बांधली आणि तांदळाची चिठ्ठी लावली. पडद्यावर आलं, तांदूळ पाच किलो.

"माझं तेल कुठाय मेल्या?"

गोदाबाईनं कपाळ बडवलं. "मशिन चुकत नाही, चिकटवणारा चुकतो! आणि दाखवल्याशिवाय दुकानातून काही बाहेर सोडू नका. यादीतून वजा झालं, की काय संपलं, काय मागवायचं, ते बसल्या जागी कळतं."

मुकिंदानं दोनच गोष्टी लक्षात ठेवल्या. मशिन चुकत नाही. दाखवल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही.

संध्याकाळी गोदाबाई थकून म्हणाली, "न्या बाबा दोघांना. दुकान तरी वाचेल."

यमुनेनं बाळ त्याच्या खांद्यावर दिलं. "धरा नीट, मान सांभाळा. मी दुपटी घेऊन येते."

उंबऱ्याशी मुकिंदा थबकला. बाळाला रेघा कुठं होत्या? नुसती काजळाची तीट. उरलेली एक चिठ्ठी त्यानं तिटीशेजारी चिकटवली आणि मशिन धरलं.

टिक्! तांदूळ, पाच किलो.

मुकिंदाचं तोंड पांढरं पडलं. "अगं यमुने, हा तर तांदूळ! आपलं बाळ कुठं गेलं?"

आणि तांदूळ खांद्यावर घेऊन तो बाळ शोधत सुटला.

अजून पळतोय. तुमच्या आळीत आला तर एवढा निरोप द्या, न दिसल्यास पुढच्या आळीला कळवा: बाळ तुझ्याच खांद्यावर आहे, आणि त्याची दुधाची वेळ टळून गेलीय.