खजुराचे लाडू

“तिला हे कुणी शिकवलं, बुवा? मी तर नाही शिकवलं.”

केतकीनं हा प्रश्न मठाच्या पायऱ्या चढण्याआधीच मनाशी घोटून ठेवला होता. याच प्रश्नानं तिची झोप पळवली होती. शेजारी सात वर्षांची रेवा हातपाय पसरून गाढ झोपायची, आणि तिची आई मोबाइलचा उजेड पांघरुणाआड धरून ‘मुलं खोटं का बोलतात’ ते वाचत पडायची. उत्तरं पुष्कळ होती. त्यातलं एकही तिच्या घरातलं नव्हतं.

अच्युतबुवा ओसरीवर फुलवाती वळत बसले होते. नदीकाठच्या त्या लहानशा मठात ते एकटेच राहत. गुडघे गेल्यापासून कीर्तन बंद होतं. माणसं मात्र येत. काही विचारून जात, काही न विचारताच उठून जात.

“काय शिकली?” बुवांनी विचारलं.

“खोटं बोलायला.”

बुवांनी अंगणात पाहिलं. रेवा प्राजक्ताखाली उकिडवी बसून फ्रॉकच्या ओच्यात फुलं गोळा करत होती.

“कुणाशी बोलली?”

“मैत्रिणीशी. मैथिली म्हणून आहे. आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर.”

“कशाबद्दल?”

केतकीनं पिशवी मांडीवर ओढली.

“एका... खाण्याच्या पदार्थाबद्दल.”

“पदार्थाला नाव असेल की.”

“हादग्याची खिरापत होती, बुवा. आमच्या घरी हादगा होता यंदा. तुम्ही तिला दोन शब्द सांगा. माझं ती आता ऐकत नाही. म्हणजे ऐकते. तेच तर. सगळं ऐकते आणि गप्प बसते. आणि ती मैथिली खेळायला हाक मारायची रोज, ती यायची बंद झाली. ही खिडकीत उभी राहते. मी विचारलं की म्हणते, काही नाही.”

बुवांनी कापसाची पाकळी केली, बोट दुधात बुडवलं, मधोमध चिमूट धरून पीळ दिला.

“खिरापत कसली होती?”

“खजुराचे लाडू.”

“आणि रेवानं मैत्रिणीला काय सांगितलं?”

“खजुराचे लाडू म्हणून सांगितलं.”

बुवांनी वात ताटलीत ठेवली.

“मग ती खोटं कुठं बोलली?”

...

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. एक आपटणं, मग त्याचा पडसाद.

केतकीचे कान तापले. शब्द तोंडातून इतका सहज गेला होता की आपण काय बोललो ते तिला बुवांच्या तोंडून ऐकल्यावर कळलं. इथं तर कुणी शेजारीणही नव्हती.

“खजुराचे नव्हते,” ती म्हणाली.

बुवांनी दुसरा कापूस घेतला.

मग केतकीनं सांगितलं. सांगताना बरंच गाळलं. पण गाळलेलं सगळं तिला दिसत होतंच.

हादग्याला पाटावर हत्ती काढतात, मुली त्याच्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. शेवटी घरची बाई झाकलेला डबा आणून ठेवते. आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. नाही ओळखता आलं तर घरच्या बाईचा मान. केतकीच्या घरी पहिलाच हादगा, इमारतीतल्या सगळ्या बायका येणार, आणि हिनं पदवीला अन्नशास्त्र घेतलेलं, ते सगळ्यांना ठाऊक. निदान हिनं तरी तसं दोनदा बोलण्यात आणलेलं.

नारळाच्या वड्या करायच्या ठरल्या होत्या. केशर घालून.

हत्ती रेवानं काढला होता. खडूची रेघ, आत मसुराची डाळ, पाठीवरच्या झुलीला हिरवे मूग, डोळ्याला मिरी. सोंड मात्र मागं वळून शेपटीला लागत होती.

“हा स्वतःची पाठ खाजवतोय,” रेवानं सांगितलं होतं.

सगळ्याजणी फोटो काढणार. केतकीनं कढईखालचा गॅस बारीक केला आणि ‘थोडीशीच सरळ करते हं’ म्हणत पाटाशी बसली. सोंड सरळ झाली, तर पाय बुटके वाटायला लागले. पाय झाले, तर झूल वाकडी. रेवा थोडा वेळ शेजारी बसली, मग कधी उठून गेली ते कळलं नाही. हत्ती देखणा झाला तेव्हा वड्या खालून करपल्या होत्या.

बुवांना तिनं एवढंच सांगितलं, “वड्या बिघडल्या.”

पोळ्यांच्या डब्यात आदल्या दिवशीच्या पोळ्या उरल्या होत्या. मिक्सरमधून फिरवल्या, काळा गूळ, तूप, वेलदोड्याची पूड. रेवाला हाक मारली. रेवानं एकेक लाडू तळहातावर गोल गोल फिरवत वळला, वर बेदाणा टोचला. तिचा रुसवा गेला होता.

“आई, कुणालाच ओळखता येणार नाही. हे कुणी खिरापतीला करतच नाही.”

केतकीलाही तेच वाटलं होतं.

“मग?” बुवा म्हणाले.

“मग डबा वाजवून दाखवला. मुली म्हणाल्या, आप्पे. करंज्या. कुणी म्हणालं, बटाटेवडे.” केतकी हसायला गेली, हसू अर्ध्यावर राहिलं. “आणि मैथिलीनं नाक पुढं केलं.”

मैथिली सगळ्यांत लहान. तिला आजवर एकाही घरची खिरापत ओळखता आली नव्हती. मोठ्या मुली ओरडायच्या, ही मागं राहायची. तिची आई नर्स, सकाळची ड्यूटी असली की डब्यात पटकन होणारं काहीतरी द्यायची.

“शिळ्या पोळीचे लाडू,” मैथिली म्हणाली होती. मोठ्यानं, आनंदानं. “गूळ घालून. मला येतो वास.”

बायकांचं बोलणं थांबलं. खालच्या मजल्यावरच्या जोगळेकरकाकूंनी मान वर केली. केतकीचा हात झाकणावर होता.

“मी ‘नाही’ म्हणाले,” केतकी बुवांना म्हणाली. “नुसतं... नाही.”

“आणि खजूर कधी आला?”

“सगळ्या हरल्या तेव्हा. काहीतरी नाव सांगायला हवं होतं. रंग तसा होता.”

“खाल्ले त्यांनी?”

“खाल्ले.”

“काय म्हणाल्या?”

केतकीनं मान खाली घातली.

“जोगळेकरकाकू म्हणाल्या, इतके सुरेख झालेत गं, आत खजूर आहे हे कळतसुद्धा नाही.”

बुवा हसले. अगदी मोकळं हसले, ताटलीतल्या वाती हलेपर्यंत. केतकीला वाटलं, ही ओसरी दुभंगावी. मग तीही थोडं हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

“मैथिलीनं एक घास खाल्ला,” ती म्हणाली. “म्हणाली, हे पोळीचेच आहेत. रेवाला म्हणाली, तू सांग ना, तुझ्याच घरचे आहेत. रेवानं माझ्याकडे बघितलं. मी काही खुणावलं नाही, बुवा. डोळासुद्धा हलवला नाही. आणि रेवा म्हणाली... खजुराचे.”

“मैथिली?”

“तिनं अर्धा लाडू परत डब्यात ठेवला. फ्रॉकला हात पुसला आणि घरी गेली. मोठ्या मुली हसल्या तिला.”

बुवांनी नवा कापूस घेतला.

...

ताटली वातींनी भरत आली. केतकीला वाटलं, आता सांगतील. सत्य म्हणजे काय, संस्कार म्हणजे काय. ती ऐकायला सरसावून बसली. चुकलेल्या माणसाला उपदेश फार बरा वाटतो, तो ऐकताना काही करावं लागत नाही.

बुवांनी विचारलं, “त्या पिशवीत काय आहे?”

पिशवीतला स्टीलचा डबा तिनं पुढं ठेवला.

“प्रसादाला आणलंय.”

“झाकलेलं आहे. ओळखू?”

“बुवा...”

“ओळखू दे की. आम्हाला कोण बोलावतं हादग्याला?” बुवांनी डोळे मिटले, डब्यावर नाक नेलं. “पोळीचे लाडू.”

“नाही,” केतकी म्हणाली.

म्हणाली आणि चपापली. कारण डब्यात खरोखरच खजुराचे लाडू होते. हादग्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं खजूर आणला होता. आज सकाळी उठून रेवाला घेऊन बसली होती, रेवानं बिया काढल्या होत्या. खरे खजुराचे लाडू केले की मागचं कुठंतरी मिटून जाईल, अशी काहीतरी वेडी आशा होती. अन्नशास्त्रात ती बसत नव्हती, पण होती.

आताचं ‘नाही’ खरं होतं. तरी ते त्या दिवशीसारखंच वाजलं. तोच आवाज, झाकणावर तोच हात.

“पोळीचेच,” बुवा म्हणाले.

“नाही हो, बुवा. शप्पथ.”

“रेवा,” बुवांनी हाक मारली. “इकडे ये गं बाळ.”

रेवा ओचा सावरत आली. ओसरीच्या कडेला फुलं ओतली. नारिंगी देठांचा लहानसा ढीग झाला.

“या डब्यात काय आहे? तुला ठाऊक असेल.”

रेवानं डब्याकडे पाहिलं. मग आईकडे. आईच्या तोंडाकडे, डोळ्यांकडे, झाकणावरच्या हाताकडे. शाळेत बाईंनी उत्तर विचारावं आणि ते फळ्यावर कुठंतरी लिहिलेलं असावं, तसं ती शोधत राहिली.

मग आईच्या कानाशी आली. कुजबुजली, पण ओसरी लहान होती.

“आई, काय सांगायचं?”

...

कपडे आपटण्याचा आवाज थांबला होता.

केतकीनं हात झाकणावरून काढून घेतला. आता तो कुठं ठेवावा ते तिला कळेना.

“खरं ते सांग,” ती म्हणाली.

“कोणतं?” रेवानं विचारलं. खट्याळपणे नाही. खरंच विचारलं.

बुवांनी डबा उचलला आणि केतकीपुढं सरकवला. न उघडता.

“उघडून तरी बघा,” केतकी म्हणाली. “खरंच खजुराचे आहेत. हिनंच बिया काढल्या.”

“असतील.”

“मग?”

“पण प्रश्न आजच्या लाडवांचा आहे का?”

केतकी डब्याकडे बघत बसली. झाकणात तिचं तोंड दिसत होतं, पसरट, कपाळ मोठं, हनुवटी नाहीच. रेवानं बुवांच्या पुढ्यातला कापूस घेतला आणि वात वळायला लागली. पीळ उलटा बसला, वात कलंडली. केतकीचा हात आपोआप पुढं गेला.

मग तिनं तो मांडीखाली दाबून धरला.

कलंडलेली वात बुवांनी उचलली, बाकीच्यांत ठेवली.

“माझं चुकलं, बुवा,” केतकी म्हणाली. “त्या दिवशी पोरीनं बरोबर ओळखलं होतं. मी सगळ्यांसमोर तिला खोटं पाडलं. आणि माझ्या लेकीला माझ्या बाजूनं उभं केलं. ती खोटं बोलली नाही. मी बोलले. तिनं नुसतं... मला सांभाळलं.”

ती रडली. आवाज न करता, पदवी घेतलेल्या माणसासारखी. रेवाचा हात वात वळता वळता थांबला.

बुवा पुढच्या वातीला लागले होते.

“बुवा, काहीतरी बोला.”

“मी काय बोलू?” बुवांनी दुधात बोट बुडवलं. “मला कशाला सांगतेस हे? ओळखायला मी होतो का?”

...

मायलेकी पायऱ्या उतरल्या. डबा होता तसाच पिशवीत, जड. खालच्या पायरीला नदीचं पाणी लागून परत जात होतं. केतकीचा पाय तिथं अडला.

इमारतीचा जिना तिला दिसत होता. मैथिलीचं दार. दार तिची आई उघडणार, ड्यूटीवरून आलेली, दमलेली. शेजारचं दार जोगळेकरकाकूंचं, ते तर कायमच किलकिलं असतं.

“रेवा, घरी गेल्यावर आपण मैथिलीकडे जाऊ या?”

रेवानं एकदम वर पाहिलं.

“हे घेऊन?”

“नको. हे नको. नवीन करू. पोळ्या आहेत घरी. तू वळशील?”

“वळते.” रेवा दोन पायऱ्या उडी मारून पुढं गेली, मग तिथूनच मागं वळली. “आणि तिला ओळखायला लावायचं?”

“नाही. झाकण न लावताच नेऊ. मी सांगेन तिला. म्हणेन, त्या दिवशी तू बरोबर होतीस. ते पोळीचेच लाडू होते.”

रेवा चालायची थांबली. तिनं आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मघासारखंच. पण या वेळी ती काही शोधत नव्हती.

“शिळ्या,” रेवा म्हणाली. “मैथिली शिळ्या पोळीचे म्हणाली होती.”