नगारा न वाजलेली सकाळ

कुणाच्या खापरपणजोबालाही नीट आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका नदीच्या दोन तीरांवर दोन राज्यं होती. दोन्हीकडची माती सारखीच काळी, दोन्हीकडची भाकरी सारखीच खरपूस. वैर मात्र असं, की ऐलतीरावर कोंबडं आरवलं तरी पैलतीरावरचे लोक भाले शोधायचे.

शेवटी लढून लढून थकले आणि त्यांनी तह केला. पैलतीरची राजकन्या ऐलतीरच्या राजाला दिली. तहात अट एकच लिहिली: ही राणी जिवंत असेतो कुणी शस्त्र घेऊन नदी ओलांडायची नाही. दोन्ही राजांचा एकमेकांच्या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता, पण तिच्या श्वासावर होता. राजेच ते, शेजाऱ्याशी चार शब्द बोलायचे सोडून बाकी सगळं करतील.

रोज सकाळी किल्ल्यावर नगारा वाजे. म्हणजे राणी आहे. तो ऐकला की दोन्ही तीरांवरचे लोक निर्धास्तपणे बैल जुंपत. अशी पन्नास वर्षं गेली. तह करणारे राजे गेले. ऐलतीरावर राणीचा मुलगा गादीवर आला, पैलतीरावर तिचा भाचा. आणि मग राणी आजारी पडली.

तिच्या पोटात गाठ होती, आणि बरं होण्याची वेळ टळून गेली होती. पण राजवैद्याकडे गुरूंनी दिलेली एक मात्रा होती. सहाणेवर उगाळून मधातून चाटवली की विझत आलेला श्वास आणखी एक दिवस हमखास टिकायचा; तिच्यावाचून तो किती पुरेल, ते वैद्यालाही सांगता येत नव्हतं. फक्त ती पोटात गेली की घटकाभर सर्वांगाची आग व्हायची, हातपाय वाकडे व्हायचे. तीन महिने वैद्य रोज सकाळी ती देत होता. मात्रा पोटात गेली म्हणजे आजचा दिवस राणी नक्की आहे, म्हणून मगच दालनाबाहेर येऊन तो मान हलवी, आणि नगारा वाजे.

वैद्य काही वाईट माणूस नव्हता. पण गेले चार दिवस राणी तोंड घट्ट मिटून घेत होती. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्यानं म्हणीत ऐकलं होतं. या चार दिवसांत त्यानं ते करून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

पाचव्या सकाळी तो वाटी घेऊन वाकला, तेव्हा राणी म्हणाली, "वैद्यराज, आजपासून नको."

"राणीसाहेब, नगारा वाजला नाही तर..."

"ठाऊक आहे मला. पन्नास वर्षं ऐकतेय तो." तिला दम लागला. ती थांबली. "माझी नाडी तुम्ही रोज धरता. एकदा तरी विचारलंत, की बाई, तुला काय हवंय?"

वैद्यानं विचारलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

उन्हं वर आली. वैद्यानं खिडकीतून खाली पाहिलं. नदीवर धुणं धुणाऱ्या बाया धुणं तसंच टाकून पोरांना घराकडे ओढत होत्या. गुराखी गुरं माघारी वळवत होते. पैलतीरावरही तेच. एका बाजूला एका म्हातारीचा घटकाभराचा दाह, दुसऱ्या बाजूला हजारोंच्या माना. तुम्ही आम्ही असतो तर काय केलं असतं? वैद्यानं हात उचलला आणि खाली ठेवला.

तेवढ्यात राजा धावत आला. "नगारा का थांबला?"

"राणीसाहेब नको म्हणतात, महाराज."

"कालपर्यंत नको म्हणत नव्हत्या?"

"म्हणत होत्या. मी ऐकलं नाही."

"मग आजही ऐकू नका."

"माझ्याच्यानं हात उचलवत नाही. ही वाटी. तुम्हीच द्या."

तीन महिन्यांत राजानं ती मात्रा देताना कधी पाहिलं नव्हतं. तो संध्याकाळी यायचा, आईच्या पाया पडायचा आणि जायचा. दुरून डोंगर साजरे, तसा त्याला दुरून नगारा गोड वाटत होता.

"दे बाळ," राणी म्हणाली. "तुझ्या हातून घेईन. फक्त तोंड फिरवू नकोस."

राजानं मात्रा चाटवली. मग घटकाभर त्यानं ते सगळं पाहिलं. आईचं मनगट त्याच्या हातात होतं, आणि तिची नखं त्याच्या तळव्यात रुतली होती. खाली नगारा वाजला, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि राजा जमिनीवर बसून रडला.

मग तो तलवार काढून ठेवून एकटाच नावेत बसला आणि पैलतीराला गेला. दुपारी परतला तेव्हा सोबत मामेभाऊ होता, पैलतीरचा राजा. भाच्याला यात डाव दिसत होता, त्याचा हात कट्यारीवरून हलत नव्हता. आत्याला पाहिल्यावर मात्र तो हात खाली आला.

"एवढे हाल?" तो वैद्याला म्हणाला. "मग आत्ताच काहीतरी देऊन सोडवा की तिला. वाट कसली बघताय?"

"त्यांनी अडवू नका म्हटलंय, ढकला म्हटलेलं नाही. हेही त्यांना न विचारताच ठरवायचं का?"

राणी म्हणाली, "माझं मरण आपल्या पायांनी येतंय. त्याला आणायला जाऊ नका, आणि दारही लावू नका."

"आणि तह?" दोन्ही राजे एकदमच बोलले.

"तो तुमचा. मी माझ्या वाटचा सांभाळला."

"आईसाहेब, एक महिना द्या. तोवर आम्ही काहीतरी ठरवू."

"पन्नास वर्षांत जमलं नाही, ते महिन्यात?"

वैद्यानं सहाण पुसून ठेवली. "उद्या सकाळी मी मात्रा उगाळणार नाही."

"डोकं उडवीन तुमचं," राजा म्हणाला.

"उडवा, महाराज. पण ती कशी उगाळायची ते याच डोक्यात आहे."

राणी तेवढी हसली.

दुसऱ्या दिवशी नगारा वाजला नाही. दोन्ही तीरांवरची माणसं भाले-कोयते घेऊन पाण्यापर्यंत आली. वैद्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता रक्त सांडलं तर ते आपल्यामुळे, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्यानं सहाण उचललीसुद्धा. मग त्याची नजर राणीकडे गेली. ती झोपली होती, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या कपाळावर आठी नव्हती. त्यानं सहाण खाली ठेवली.

नदीच्या मधोमध वाळूचं बेट होतं. त्यावर दोन राजे, हातात काही नसलेले, समोरासमोर बसून भांडत होते. बंधाऱ्याचं पाणी, कुरणांच्या हद्दी, आजोबांच्या काळातले अपमान, सगळं निघालं. लोक शस्त्रं धरून उभे राहिले. दुपारी हात दुखले तेव्हा बसले, आणि संध्याकाळी भूक लागली तेव्हा घरी गेले.

"अजून भांडतायत," वैद्यानं राणीला सांगितलं.

"तोंडानंच ना? भांडू दे."

तीन दिवस ते भांडले. तिसऱ्या संध्याकाळी दोघांनी नवा तह केला. या वेळी त्यात कुणाचा श्वास लिहिला नाही, दोघांनी आपापला शब्द दिला. चौथ्या दुपारी, वैद्याच्या हातात हात देऊन, राणी शांतपणे गेली.

काही दिवसांनी राजानं विचारलं, "वैद्यराज, खरं सांगा. आमचा तह झाला नसता तर?"

"तरी मी मात्रा दिली नसती, महाराज," वैद्य म्हणाला. "आणि जन्मभर मला झोप लागली नसती."

राजानं त्याला शिक्षा केली नाही. वैद्य मात्र त्यानंतर कुणाचीही नाडी धरण्याआधी, त्याला काय हवं ते विचारू लागला.

म्हणून लहानांनी आणि थोरांनी ध्यानात ठेवावं: आपल्या भीतीपायी दुसऱ्याचा श्वास ओलीस धरू नये, ज्याचं मरण, त्याला आधी विचारावं.