पळसोडीच्या जिनातली शिंक

सकाळी बरोब्बर सात वाजून दहा मिनिटांनी! हंगामाच्या पहिल्या दिवशी आमच्या पळसोडीच्या जिनात याच वेळी भोंगा होतो, पण एकही रेचा फिरत नाही. कापसातून सरकी वेगळी करणारी एवढाली यंत्रं मुकाट उभी. बाया तीनदा ओरडतात, "सरकीऽऽ!" आणि सगळे शिंकेची वाट बघतात. दुसरीकडे शिंक आली की काम थांबवतात. आमच्याकडे शिंकेशिवाय सुरूच होत नाही!

असं का, ते जुनी मुकादम तुळसाकाकू नव्या बायांना दरसाल सांगते.

फार वर्षांमागे म्हणे, जिनाचा तो पहिलाच दिवस होता. वाफेवरचा रेचा बघायला सात गावं लोटलेली. सायत्रा नावाची बाई दाताळ्यानं कापूस ओढून रेच्याच्या तोंडी लोटत होती. तिची दीड वर्षाची लेक रुईला सरकी चिकटावी तशी आईला चिकटलेली, म्हणून तिला सगळे सरकीच म्हणत. तिला झोळीत निजवलं होतं. सायत्रा मागे वळून बघते तर झोळी रिकामी! समोर कापसाचा डोंगर, आणि बाया तो दोन्हीकडून रेच्याकडे ढकलताहेत. ती किंचाळली, "सरकी! सरकी हाय आत!"

रुईत सरकी निघाली म्हणजे मिस्त्रीची नामुष्की. लतीफ मिस्त्री भडकलाच.

"माह्या रुईत सरकी? डोये फुटले का वं तुहे? थांब, दाखवतो तुले!"

रागारागात त्यानं रेचा फिरवणारा पट्टा चाकावरून उतरवला. कोणी सांगतात, त्याचा हात लागायच्या आधीच पट्टा आपोआप उतरला. काकू दोन्ही सांगते.

रेचा थांबला. सगळे चिडीचूप. आणि रेच्याच्या तोंडापासून हातभरावर कापूस हलला.

आक्‌छीऽ!

सायत्रानं झेप घेतली. कापसानं पांढरीफटक झालेली पोर निघाली, नाकात रुई, आणि चक्क हसत होती! "निंघाली वं माय, तुही सरकी," एवढंच मिस्त्री बोलला. पुढे तो होता तोवर कान देऊन ऐकल्याशिवाय त्यानं पट्टा चढवला नाही.

आजही हंगामाच्या पहिल्या दिवशी आम्ही बाया लेकरं कडेवर घेऊन बाहेर उभ्या राहतो. शिंक बाहेरून आली, म्हणजे आत कोणी नाही. यंदाची शिंक माझ्या चिंगीची होती! मला रडू आलं आणि हसूही.

तुमच्याकडे पिठाची चक्की असो की मळणीयंत्र, बटण दाबायच्या आधी एक हाक मारा, गप्प राहून ऐका. आणि जिच्या कडेवर लेकरू दिसेल, तिला हे नक्की सांगा.