रिकाम्या टायरमधला हात

एकदा एका घाटमाथ्यावर, जिथून रस्ता सतरा वळणे घेत शहराकडे उतरतो, तिथे एक वृद्ध उस्ताद पंक्चर काढीत असे. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. तिशीचा, हुशार आणि हाताने विलक्षण चपळ. दहा मिनिटांत गाडी मार्गाला लावतो म्हणून ट्रकवाले त्याची तारीफ करीत, आणि तारीफ कुणाला नको असते? उस्ताद मात्र एकेका चाकाला अर्धा अर्धा तास लावी. "उस्ताद, आता थकलात तुम्ही," असे शिष्य गमतीने म्हणे. खरे तर त्याला ते मनापासून वाटत असे.

एका दुपारी एक व्यापारी आपली जुनी मोटार कशीबशी दुकानापर्यंत घेऊन आला. पुढचे चाक पार बसले होते. पायात चप्पल नाही, डोळे सुजलेले, आणि उतरला तो एक लहानशी बर्फाची पेटी छातीशी धरूनच.

"पहाटे वडील गेले माझे," तो म्हणाला. "डोळे दान करायचे, असं दहा वर्षं सांगत होते. डॉक्टरांनी काढून दिले, ते यात आहेत. मीच पोहोचवतो म्हणालो. खाली इस्पितळात वाट बघतायत, आणि तिकडे घरी मी परतल्याशिवाय वडिलांना उचलायचे नाहीत. लवकर करा, बाबा."

शिष्याचे हात शिवशिवू लागले. त्याने चाक उतरवले, टायर सोडवून ट्यूब बाहेर ओढली आणि हवा भरून पाण्याच्या टबात बुडवली. एका जागी बुडबुडे आले. तिथे घासून, सोल्युशन लावून त्याने ठिगळ पक्के बसवले.

"झालं, उस्ताद! ट्यूब घालू आत?"

"टायरवर खूण केलीस?" उस्तादाने विचारले.

शिष्य ओशाळला. ट्यूब काढण्यापूर्वी तिचे हवा भरायचे तोंड टायरच्या ज्या जागी असेल तिथे खडूची रेघ ओढायची, असा उस्तादाचा दंडक होता. म्हणजे ट्यूबला भोक जिथे, तिथेच टायरमध्येही नेमके शोधता येते. आज घाईत रेघ राहून गेली होती.

उस्ताद रागावला नाही. त्याने टायर मांडीवर घेतले, उघडा हात आत घातला, डोळे मिटले आणि बोटे इंचाइंचाने फिरवू लागला. एक फेरा पूर्ण झाला. हाताला काही लागले नाही. त्याने दुसरा सुरू केला.

व्यापाऱ्याचा धीर सुटला. "अहो, भोक बुजलं ना? मग आता काय चाचपताय? माझ्या बापाची माती खोळंबलीय तिकडे!"

शिष्याने मान खाली घातली. सांगायला वाईट वाटते, पण त्याला त्या क्षणी स्वतःच्या चुकीची नव्हे, गुरूची लाज वाटत होती.

तिसऱ्या फेऱ्यात बोट एका जागी थांबले. उस्तादाने चिमटा मागितला आणि टायरच्या आतल्या अंगातून एक पोलादी तार हलकेच ओढून काढली. केसाएवढी बारीक, नखाएवढी लांब. त्याच्या बोटावर रक्ताचा थेंब आला होता. व्यापारी त्या तारेकडे बघतच राहिला.

"उस्ताद," शिष्याने हळूच विचारले, "दोन फेऱ्यांत काहीच लागलं नाही, तरी आत काहीतरी आहे, हे कशावरून?"

"अरे, भोक आपोआप पडत नाही. बाहेरून खिळा दिसला असता तर गोष्ट वेगळी होती. दिसला नाही, म्हणजे टोचणारं आतच होतं. भोक बोलतं, पाण्यात बुडबुडे सोडतं. टोचणारं गप्प असतं. रिकाम्या टायरमध्ये तर ते निपचित पडून राहतं. हवा भरली, गाडीचा भार आला, की पुन्हा डोकं वर काढतं. इथं नाही, खाली सातव्या-आठव्या वळणावर. तू ट्यूब दुरुस्त केलीस, छानच केलीस. पण ट्यूबचा काही गुन्हा नव्हता."

असे म्हणून त्याने टायर शिष्याच्या मांडीवर ठेवले. "आता एक फेरा तू घाल. एक तार निघाली म्हणून दुसरी नसेलच असं नाही."

शिष्याने व्यापाऱ्याकडे पाहिले. "यांना उशीर होतोय, उस्ताद."

व्यापारी इतका वेळ उभा होता. तो आता शेजारच्या दगडावर बसला. पेटी त्याने मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"होऊ द्या सावकाश," तो म्हणाला. "वडील थांबतील."

शिष्याने डोळे मिटून हात आत घातला. इतकी वर्षे ज्या काळ्या पोकळीत तो नुसती ट्यूब कोंबत आला होता, ती आज प्रथमच त्याच्या बोटांना कळू लागली. तिथे खडबड होती, रेषा होत्या, उंचवटे होते, झिजलेल्या जागा होत्या. फेरा पूर्ण झाला, काही सापडले नाही, आणि कुणी न सांगता त्याने दुसरा सुरू केला.