सावली नको म्हणणारी छबू

जिथे दवाची खडीसाखर होते, अशा उंच उंच डोंगरावर छबूचं इवलंसं घर होतं. आई नव्हती. हिवाळा लागला की बाबा मेंढरं घेऊन खाली उतरायचे. मग उरायची छबू आणि तिची बहिरी आत्या. तिथला वारा असा दांडगट, की पाहुणा अर्ध्या चढावरूनच मागे फिरायचा. तरी छबू रोज जेवताना एक पाट जास्त मांडायची आणि तसाच उचलून ठेवायची. तिला फार एकटं वाटायचं.

एका सकाळी परसातल्या काटेरी झुडपावर काहीतरी लुकलुकलं. बोटभर उंचीची परी होती ती. तिचे गुलाबी पंख गोठून फांदीला चिकटले होते. छबूनं ओंजळ धरून श्वासाची ऊब दिली आणि ते हळूहळू सोडवले.

"मी झाडांची परी," ती कुडकुडत म्हणाली. "तीन तऱ्हेची झाडं माग, बाळ. पण प्रत्येक झाडाचं काम आधी सांगायचं. बिनकामाचं रोप रुसतं, रुजतच नाही."

"वारा अडवणारं द्या."

चांदीची कांडी फिरली. उत्तरेला इवले इवले हिरवेगार देवदार ओळीनं उभे राहिले.

"आता दारासमोर गर्द सावलीचा वड देऊ?" परी पडली खालच्या गरम मुलखातली, तिला काय ठाऊक.

छबूला हसू आलं. "परीताई, इथे सावली कुणाला हवी? उलट ऊन अडेल. त्यापेक्षा थंडीत पानं गाळणारा अक्रोड द्या. ऊनही घरात येईल आणि अक्रोडही हिवाळाभर पुरतील."

परी जरा ओशाळली. अक्रोड लावून म्हणाली, "आता शेवटचं. सोनेरी पानांचं बोलणारं झाड देते. रोज तुझ्याशी गप्पा मारील."

छबू हो म्हणणारच होती. हेच तर तिला हवं होतं. तेवढ्यात खालच्या पायवाटेवर मोळीवाली म्हातारी दिसली. दमून, उपाशीपोटी ती वाऱ्याशी झगडत चालली होती.

"वाटेवर सफरचंदाचं द्या," छबू म्हणाली. "येणाऱ्याजाणाऱ्याला खायला."

"ते बोलणार नाही हं तुझ्याशी."

"नाही बोललं तर नाही," छबू म्हणाली आणि रडली.

परीनं तिचे डोळे पुसले. वाटेवर सफरचंदाचं रोप उभं राहिलं. मग जांभळ्या-सोनेरी उजेडाची एक लाट आली आणि परी तिच्यात विरघळून गेली.

परीचीच रोपं ती, बघता बघता छपराएवढी झाली. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर वारा देवदारांतच अडखळू लागला. अक्रोडाच्या उघड्या फांद्यांतून घरात कोवळं ऊन आलं. छबू त्या उन्हात एकटीच बसली होती. एवढ्यात उंबऱ्यावर सावली पडली.

मोळीवाली म्हातारी होती. पदरात लालचुटुक सफरचंदं होती.

"झाड तुमचंच ना गं पोरी? खाल्लं, म्हटलं सांगून तरी जावं. आज वारा नाही, तर चढता आलं."

छबूनं धावत जाऊन पाट आणला. आजी दारातच टेकल्या. सगळं ऊन अडलं, पण छबूनं त्यांना जरासुद्धा सरकायला सांगितलं नाही.