सारंगीवाल्याचे नख

देवीच्या डोंगराखालच्या एका गावात मल्हारी गुरव नावाचा एक सारंगीवाला राहत होता. रोज पहाटे देवळात त्याची शिष्या अंबू गात असे आणि मल्हारी तिला साथ करत असे. सारंगीची तात, म्हणजे आतड्याची तार, बोटाच्या टोकाने दाबत नाहीत, डाव्या हाताच्या नखांनी अडवतात. त्यामुळे मल्हारीचे सगळे वाजवणे त्या नखांवर होते.

एका वर्षी त्याच्या मधल्या बोटाचे नख पिवळे पडले. मग ते जाड झाले, भुसभुशीत झाले. सारंगी घसा बसल्यासारखी वाजू लागली.

शेजारची सिंधूआत्या म्हणाली, "अरे, कडुलिंब आणि हळद वाटून बांध. दवाखान्यात जायचं दुखणं आहे का हे?"

मल्हारीने लेप बांधला. मग लसूण चोळली. मग तो बोट आंबट शिरक्यात बुडवून बसू लागला. मधूनमधून नख दगडावर घासून गुळगुळीत करी. चार दिवस ते चकाके आणि त्याला वाटे, बरे झाले. पुन्हा ते पिवळे पडे.

नवरात्र जवळ आले. देवळाचे पंच बापूराव त्याला म्हणाले, "मल्हारी, सारंगी अशीच खरखरणार असेल तर आम्ही पेटीवाला आणतो. पेटीला नखं लागत नाहीत."

मल्हारीला ते फार लागले. तो तालुक्याला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नखाचा तुकडा कापून तपासला, रक्त तपासले आणि गोळ्या दिल्या.

"काका, ही बुरशी नखाच्या खाली आहे," त्या म्हणाल्या. "लेप वरच राहतो, तिथवर पोचत नाही. गोळ्या सांगेन तितके दिवस सलग घ्या, मधे रक्त दाखवायला या. पण बिघडलेलं नख सुधारत नाही. मुळातून नवं येतं आणि जुनं पुढे सरकत जातं. म्हणून टोक बघू नका, मूळ बघा."

"नवरात्रापर्यंत होईल ना?"

"नाही. बरेच महिने लागतील."

मल्हारी गोळ्या घेऊ लागला. रोज नखाचे टोक बघे. ते होते तसेच पिवळे. सिंधूआत्या म्हणाली, "पोट जाळून घेशील उगाच." शेवटी त्याने गोळ्या फडताळात टाकल्या, नख पुन्हा घासले आणि त्यावर लाखेचा थर दिला. नख आरशासारखे दिसू लागले.

घटस्थापनेच्या पहाटे देऊळ माणसांनी भरले होते. अंबूने सूर वर नेला. मल्हारीचे बोट तातीवरून सरकले आणि लाखेखालचे पोकळ नख तातीत अडकून उपटले गेले. तातीवर रक्त ओघळले. सारंगी थांबली. अंबूने डोळे मिटून एकटीने गाणे पुरे केले.

दुसऱ्या दिवशी देवळात पेटी आली.

मल्हारीने सारंगी कापडात गुंडाळून खुंटीला टांगली. संध्याकाळी अंबू आली. तिने त्या गुंडाळीकडे पाहिले.

"मास्तर, मला नुसत्या षड्जावर किती दिवस बसवलं होतंत?"

"वर्षभर तरी."

"मी कंटाळून रडले, तेव्हा काय म्हणाला होतात?"

मल्हारी हळू आवाजात म्हणाला, "म्हणालो होतो, गळा त्याच्या गतीनं तयार होतो. ओढून मोठा करता येत नाही."

"मग नखाला का ओढलंत?"

मल्हारीने फडताळातल्या गोळ्या बाहेर काढल्या. सकाळी तो तालुक्याला गेला आणि त्याने सगळे खरे सांगितले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आधी जखम भरू दिली, पुन्हा रक्त तपासले, मगच गोळ्या सुरू केल्या.

या वेळी त्याने एकही गोळी चुकवली नाही. तो बोट कोरडे ठेवी. रोज पहाटे देवळात मागे बसून पेटी ऐके, आणि उजाडले की नखाचे मूळ बघे. पुष्कळ दिवस तिथे काही दिसले नाही. मग एकदा त्वचेच्या कडेला नव्या नखाची स्वच्छ, बारीक कोर दिसली. त्याने ती कोणालाच दाखवली नाही. आत्या लेप घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "आत्या, तुझ्या मायेला मी नाही म्हणत नाही. पण दुखणं तुझ्या पानांच्या पोचेपलीकडे होतं."

पुढच्या नवरात्रात अंबू गायला बसली. पेटीवाला आपण होऊन सरकला आणि मल्हारीने सारंगी मांडीवर घेतली. नवे नख थोडे वाकडे आले होते, पण घट्ट होते. त्याने कुठलीही करामत केली नाही. नुसता षड्ज लावला आणि लांबवर धरून ठेवला. तो जराही खरखरला नाही. अंबूने त्यातच आपला सूर मिसळला.

तात्पर्य: रोग मुळाशी असेल तर वरची चकाकी हा इलाज नव्हे. पारखून घेतलेले औषधही आपला वेळ घेते, आणि तो वेळ देण्याचा धीर रोग्यालाच दाखवावा लागतो.