येसामायचा खरा बोल

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या बेचक्यात एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात येसामाय नावाची एक सुईण राहत होती. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती. तिचा शब्द कुणी मोडत नसे.

त्या गावात एक रीत होती. सातवा महिना लागला की गर्भारशीने वेस ओलांडायची नाही. ओलांडली तर बाहेरची बाधा होते, असं सगळे मानत. नदीपलीकडे बाजारगावात दवाखाना होता. तिथली डॉक्टरीण गर्भारशींना दर महिन्याला तपासायची. पण या गावातली एकही बाई तिकडे फिरकत नसे. "येसामाय असताना परक्यापुढं कशाला जायचं?" असं बायका म्हणत, आणि ते ऐकून येसामायला बरं वाटे.

एके दिवशी सकाळी कुंभाराच्या घरून बोलावणं आलं. त्याची सून मैना आठव्या महिन्यात होती. येसामायने पोट चाचपलं. मग तिचं लक्ष मैनेच्या तोंडाकडे गेलं. तोंड सुजलं होतं. हातातल्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

"डोकं दुखतं का गं?"

"चार दिस झाले, माय. डोळ्यांपुढं काजवे चमकतात."

मैनेची सासू हसली. "अंग भरलंय तिचं. मुलगाच होणार बघ!"

येसामायला गोदी आठवली. तीन वर्षांपूर्वी गावातलीच गोदी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तीही अशीच सुजली होती, तिचंही असंच डोकं दुखत होतं. येसामायने काढे दिले, तेल चोळलं. दोन दिवसांनी गोदीला झटके आले आणि पोटातल्या बाळासकट ती गेली. लोकांनी कारण विचारलं, तेव्हा येसामाय म्हणाली होती, "पोरीनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली." गावाने ते खरं मानलं. गोदीच्या आईनेही मानलं.

"अक्का, हिला आजच दवाखान्यात न्या," येसामाय म्हणाली.

सासू चपापली. "वेस ओलांडून? गोदीनं ग्रहणाची रीत मोडली तर काय झालं, ते तूच सांगितलंस ना?"

येसामाय काढा देऊन निघून गेली असती, तरी तिला कुणी नाव ठेवलं नसतं. पण पलीकडे ओसरीवर शेजारच्या बायका बसल्या होत्या आणि त्यांत गोदीची आईही होती.

येसामाय ओसरीवर गेली आणि तिच्यापुढे खाली बसली.

"तुझ्या गोदीचं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "ती ग्रहणानं गेली नाही. तिला काय झालंय ते मला कळलंच नाही. गावाचा माझ्यावरचा विश्वास उडेल म्हणून मी तिच्यावर ढकललं. मैनेला तेच झालंय, आणि माझ्याकडं त्यावर इलाज नाही."

"तीन वर्षं मी माझ्या मेलेल्या लेकीला बोल लावला," गोदीची आई एवढंच म्हणाली. मग उठली आणि मैनेच्या सासूला म्हणाली, "अक्का, गाडी जुंपायला सांगा. मी बसते पोरीजवळ."

वेशीपाशी सासूचा पाय अडखळला. येसामाय वेस ओलांडून पुढे चालू लागली. गाडी तिच्या मागून गेली.

डॉक्टरणीने मैनेला तपासलं आणि लगेच ठेवून घेतलं. "उद्या आणली असती तर हातची गेली असती," ती म्हणाली. सहाव्या दिवशी मैना बाळंत झाली. मुलगी झाली. मूठभर जीव, पण जगली. मैनाही जगली.

गोदीची आई येसामायशी पुन्हा कधीच बोलली नाही. येसामायने त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही. त्या वर्षापासून ती घरोघरच्या गर्भारशींना स्वतः नदीपलीकडे नेऊ लागली.

एकदा वाटेत एका नव्या सुनेने तिला विचारलं, "माय, सगळ्याजणींना तू दवाखान्यात नेतेस. मग तुझं काय उरलं?"

येसामाय म्हणाली, "तुम्ही उरलात, बाई."

तात्पर्य एवढंच: जे आपल्याला कळत नाही ते वेळेवर कबूल केलं तर जीव वाचतो, रीतीच्या आड लपवलं तर जीव जातो.